आधणातला काटा

तात्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पोलादपूरच्या घरी ओटीवर त्यांची तसबीर लावलेली आहे, आणि पितृपक्षात तिला हार घालायची वेळ आली की मी मागच्या दारी काहीतरी काम काढते. चुलतभाऊ हाक मारतो, "ताई, या ना, थांबलोय आम्ही." ताई जात नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलत नाही, लिहिते. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि मी सतरा वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात काय शिजणार, कोण शिकणार आणि कोणी कोणासमोर तोंड उघडायचं हे सगळं त्यांच्या एका खाकरण्यावर ठरत असे. मला सातवीनंतर शाळेतून त्यांनीच काढलं. "पोरीला अजून शिकवून काय कलेक्टरीण करायची हाय काय?" एवढंच बोलले, आणि त्याच जूनमध्ये स्वतःच्या मुलाला महाडच्या हायस्कुलात घातलं. तो आठवीत दोनदा बसला. तेव्हाही मला आनंद झाला होता आणि आत्ता लिहितानाही होतोय, खोटं कशाला बोलू.

घर एकत्र होतं म्हणजे छप्पर एकत्र होतं. चूल एकच, आणि ती मोठ्या आईच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या ताब्यात. माझ्या आईनं दळायचं, कांडायचं, पाणी भरायचं, आणि वाढायला मात्र मोठी आई बसायची. भाताचं मोठं तपेलं उतरलं की वरचा मोकळा भात तात्यांच्या ताटात, मधला त्यांच्या मुलांना, आणि तळाची खरवड आमच्या बाजूला यायची. कुळथाच्या पिठीचंही तसंच, वरचं पाणी आमचं. सुकटीच्या कालवणात आमच्या वाटीला नुसत्या शेपट्या यायच्या. माझी आई कधी काही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याचा मला इतका संताप यायचा की मी खरवड मुद्दाम कडाकडा चावून खायची, ओटीपर्यंत ऐकू जाईल अशी. "शालीचं जातं सुरू झालं," असं तात्या म्हणायचे.

या घरात माझ्या वडिलांचं, बाबांचं, स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे गाडीचं चाक. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं विकून टाकलेला एक ट्रक तात्यांनी घेतला होता. पुढचा पत्रा लष्कराचा आणि मागची सगळी केबिन महाडच्या सुताराने केलेली, लाकडी. महाडच्या बंदरावरून मीठ आणि सुकी मासळी भरायची, पोलादपूरवरून आंबेनळीचा घाट चढून वाईच्या बाजाराला टाकायची, आणि येताना बटाटे नाहीतर गूळ आणायचा. पहाटे हँडल मारल्याचा आवाज, मग तो पहिला ठसका, मग घरातल्या भांड्यांची थरथर. ती थरथर सुरू झाली की आम्हांला बाबा असल्यासारखे वाटायचे. जमिनीवर ते वाकून चालत. चाकावर बसले की ताठ दिसत. मी लहानपणी त्यांना एवढं ताठ बसलेलं दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही.

बाबा पूर्वी प्यायचे. हे लपवण्यात अर्थ नाही, सगळ्या पोलादपूरला माहीत होतं. वाईहून येताना कुठेतरी गाडी थांबायची, आणि आई दारात उभी राहून वाट बघायची. मग एका वर्षी देवीपुढे नारळ ठेवून त्यांनी सोडली, आणि खरंच सोडली. मी सांगते आहे त्या दिवसापर्यंत चार वर्षं झाली होती. पण आमच्याकडे एकदा दारुडा म्हटलेल्या माणसाचा शिक्का पुसला जात नाही. बाबा शिंकले तरी तात्या म्हणायचे, "वारुणीदेवी आली काय रे?" आणि मोठी आई पदराआड हसायची.

माघातली गोष्ट. क्लीनर तापानं पडला होता म्हणून बाबा एकटेच मीठ भरून घाट चढले. दुपारी गाडी परत यायची ती आली नाही. दिवस कलताना बाबाच आले, पायी, आठ-नऊ मैल उतरून, शर्टाची बाही काळी झालेली, हाताला फोड आलेले. घाटात अर्ध्यावर इंजिन इतकं तापलं होतं की हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट जळून गेलं. पाण्याची रबरी नळी चिरून सगळं पाणी रस्त्यावर गळून गेलं होतं. नळी चिरणं हा काही कोणाचा गुन्हा नव्हे. पण गाडीत बसणाऱ्याच्या समोर गरमीचा काटा असतो. बाबांनी मला तो पूर्वी दाखवला होता. इंजिनात पाण्यापाशी बोटाच्या पेराएवढं एक पितळी बोंड बसवलेलं असतं, त्यातून दोऱ्याएवढी बारीक तांब्याची नळी निघून समोरच्या घड्याळाला मिळते. बोंड तापलं की आतलं औषध नळीतून जोर देतं आणि काटा डावीकडून उजवीकडे चढतो. काटा उजव्या टोकाला गेला की गाडी उभी करायची, हे क्लीनरलासुद्धा कळतं.

"काटा काय करत होता?" तात्यांनी ओटीवरूनच विचारलं.

"खालीच होता दादा. थंडी पडल्यापासून खालीच असतो, मला वाटलं इंजिन गार हाय. हललाच नाय."

"इंजिन जळून कोळसा झालं आणि काटा हलला नाय? काटा नाय खोटं बोलत. माणसं बोलतात."

"देवीची शपथ दादा, मी बघत होतो."

"तुझे डोळे कुठं होते ते मला ठावं हाय. कुठल्या गुत्त्यात होते सांगू काय?"

आईनं मला तांब्या देऊन पुढे ढकललं, बाबांच्या पायांवर पाणी घालायला. मी वाकले. आणि वाकता वाकता मान जराशी वर करून मी बाबांच्या तोंडाचा वास घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप झालं, आणि चटकन झालं. घामाचा, पेट्रोलचा, करपलेल्या रबराचा वास होता. दुसरा कसला होता का हे मला कळलं नाही, कारण तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पाय मागे घेतला आणि उरलेलं पाणी मातीत गेलं.

गाडी दोन बैलजोड्या लावून खाली आणली. महाडहून उस्मान मिस्त्रींना बोलावलं. तात्यांनी गाडीची किल्ली ओटीच्या खांबावरच्या खुंटीवरून काढून स्वतःच्या कनवटीला लावली आणि जाहीर केलं की इंजिन बांधून झालं की चाक मधूकडे. मधू म्हणजे मोठ्या आईचा भाऊ, तुडील गावचा. त्याला गाडी येत होती एवढं खरं, घाट येत नव्हता. आयत्या बिळावर नागोबा यावा तसा तो ट्रंक घेऊन येऊन बसला आणि पहिल्याच दिवशी त्याला मधला भात मिळाला. बाबांनी डोंगरउतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीवर राबायचं, नाहीतर मुंबईची वाट धरायची, असं ठरलं. बाबा रोज सकाळी उठून गाडीपाशी जात आणि मिस्त्रींना पाने-पकडी देत उभे राहात, वाकून.

मला तेव्हा बाबांची कीव आली होती का? नाही. राग आला होता. ते पीत नव्हते असं मला छातीठोक सांगता येत नव्हतं, आणि ते सांगता येत नाही याचाही राग त्यांच्यावरच निघत होता. पण तात्यांवरचा राग त्याहून मोठा आणि जुना होता. पुढे मी जे केलं ते या मोठ्या रागानं केलं. लोक नंतर म्हणाले की लेकीनं बापाची बाजू घेतली. म्हणू देत.

चौथ्या दिवशी इंजिन जुळलं. मिस्त्रींनी केबिनमधलं ते घड्याळ, नळी आणि बोंड सगळं एका तुकड्यात बाहेर काढलं आणि अंगणात बाजेवर ठेवलं. शेजारी महाडच्या एका मोडीत निघालेल्या गाडीचा तसाच दुसरा संच त्यांनी आणून ठेवला होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते तात्यांना सांगत होते.

"मालक, काटा मेलेला हाय. तुमच्या भावाचा काय दोष नाय."

"तू त्याचाच जुना पेल्यातला सोबती," तात्या म्हणाले. "तू दुसरं काय बोलणार?"

मिस्त्री पाच वेळा नमाज पढणारे, त्यांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. त्यांचा चेहरा लाल झाला. "मंग माझ्यावर इश्वास ठेवू नका. तुमच्याच घरात आधण ठेवा आणि बुडवून बघा. उकळत्या पाण्यात काटा चढला तर माझी मजुरी देऊ नका."

"घरात बायकांना ती कामं नायत," असं म्हणून तात्या हात धुवायला उठले. जेवायची वेळ होत आली होती. ओटीवर पानं मांडली होती, तात्यांचं आणि मधूचं. मिस्त्रींचं पान नेहमीप्रमाणे अंगणात वेगळं.

मी चहाचे कप उचलले नाहीत. मी दोन्ही घड्याळं उचलली, नळ्या हाताला गुंडाळल्या आणि मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात गेले. मोठी आई सूप घेऊन तांदूळ निवडत होती. चुलीवर तपेल्यात आधण ठेवलेलं होतं, आणि आधण आलं की नाही हे त्या घरात माझ्याइतकं कोणाला कळत नसे, कारण रोज ते बघत बसायचं काम माझंच. आधी तळाला बारीक बुडबुडे चिकटतात, मग पाणी गुणगुणतं, मग गप्प होतं, आणि मग एकदम उसळतं. ते उसळलं होतं. मी दोन्ही बोंडं त्यात सोडली.

"अगो अवदसे!" मोठी आई किंचाळली. "मिस्त्र्याच्या हातचं काळं भूत माझ्या आधणात घातलंन! अहो, या हिकडं, बाटवलंन हिनं सगळं! माझं तपेलं, माझी चूल!"

तिच्या किंचाळण्याचे मी आजही आभार मानते. मी बोलावलं असतं तर कोणी आलं नसतं. तिच्या आवाजानं तात्या हातातलं पाणी तसंच ठेवून आले, मधू आला, आई विहिरीवरून धावत आली, मागच्या दाराशी मिस्त्री आणि बाबा येऊन उभे राहिले. तात्यांनी हात उगारला होता. मी दोन्ही घड्याळं त्यांच्या नाकासमोर धरली.

"मारा. पण आधी बघा. एकच पाणी हाय, तात्या. तुमच्याच चुलीवरचं."

मिस्त्रींच्या संचाचा काटा थरथरत सरकत होता. बघता बघता तो पार उजव्या टोकाला जाऊन टेकला. आमच्या गाडीचा काटा डावीकडे थंडीच्या अक्षरावर जो बसला होता तो केसभरही हलला नाही. तपेल्यातली वाफ माझ्या मनगटाला लागत होती, कातडी लाल झाली होती, पण मी हात काढला नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला, आता तरी हा माणूस गप्प बसेल, असं मला वाटलं. पण तात्या गप्प बसणाऱ्यातले नव्हते.

"मेलाय ना? मेलाय हे कबूल," ते म्हणाले. "पण ह्यानं घाटात जाळला म्हणून मेला. आधी इंजिन जाळलंन, मग काटा जळला. त्यात नवल काय?"

मधू हसला. मिस्त्रींचं कोण ऐकणार होतं? मी बाबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

मी ती तांब्याची नळी हातावरून सोडवून वीत-वीत बघायला लागले. खरं सांगते, काय शोधते आहे हे मला माहीत नव्हतं. आणि मधोमध एके ठिकाणी ती चेपलेली सापडली, दाताखाली धरावी तशी सपाट. चेपाच्या बरोबर मध्ये खिळ्याच्या टोकाचा खड्डा होता. तेव्हा मला दसरा आठवला. दसऱ्याला गाडीची पूजा झाली होती, आणि तात्यांनी महाडहून देवीची नवी तसबीर आणून केबिनच्या लाकडी फळीवर स्वतःच्या हातानं ठोकली होती. बाबा म्हणाले होते, "दादा, मागं नळ्या असतात, दोरीनं बांधू." तात्या म्हणाले होते, "देवीला दोरीनं बांधतोस? ती काय बकरी हाय?" आणि मारला होता खिळा.

"हा खिळा कोणाचा, तात्या?" मी नळी पुढे केली. "दसऱ्याचा. तुमचा."

"कशावरून? हे मिस्त्र्यानं काढताना चेपवलंन."

तांब्याची बावीस भांडी होती त्या घरात. हंडे, कळशा, बंब, पूजेची ताम्हनं. दर आठवड्याला मी ती चिंचेनं घासायची, दहा वर्षं. तांबं ताजं खरवडलं तर लाल निघतं, आणि जुनं झालं की आधी काळवंडतं, मग खाचेत हिरवं धरतं. हे मला कोणत्या शाळेनं शिकवायला नको होतं. मी विळीवर नळीला एक नवी चीर दिली. झळझळीत लाल. मग तोच तुकडा चेपापाशी दुमडून दाखवला. चेपाच्या खाचेत काळं होतं, आणि खिळ्याच्या खड्ड्यात हिरवा कळंक धरला होता.

"मोठ्या आई," मी म्हणाले, "तुम्हीच सांगा. हंड्याला एवढा कळंक चढायला किती दिवस लागतात? चार?"

मोठी आई तात्यांच्या बाजूची, पण तांब्याच्या भांड्यांपुढे ती नवऱ्याचीही नव्हती. तिनं चूल, भात, बाट सगळं विसरून ती नळी हातात घेतली, उजेडाकडे नेली, नखानं खरवडली. "चार दिवसांचा नाय हा," ती म्हणाली. "महिने झाले ह्याला." आणि मग आपण काय बोललो हे कळून तिनं जीभ चावली.

आधण उकळतच होतं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बाबांकडेही नाही. "देवीच्या खिळ्यानं कधी कोणाचं वाईट होत नाय," असं काहीतरी पुटपुटले, कनवटीची किल्ली काढली, ओटीवर जाऊन खांबाच्या खुंटीला अडकवली आणि पानावर जाऊन बसले. चुकलं म्हणाले नाहीत. ते शब्द त्यांनी मरेपर्यंत कोणाला दिले नाहीत. मला मात्र मोठ्या आईनं तीन वेळा राखेनं तपेलं घासायला लावलं, आणि दुपारी भात कोणालाच वेळेवर मिळाला नाही. मधू संध्याकाळच्या आत ट्रंक उचलून तुडीलला गेला.

मला वाटलं होतं, बाबा ती किल्ली घेणार नाहीत. तात्यांनी ती त्यांच्या हातात आणून द्यावी म्हणून ताठ उभे राहतील. पण त्यांनी मुकाट खुंटीवरून ती काढून घेतली आणि गाडीकडे गेले. माझं डोकं भणभणलं. मी त्यांच्यामागे गेले, शाबासकी मिळेल या आशेनं म्हणा, भांडायला म्हणा.

मिस्त्रींनी आणलेला काटा बाबांनी स्वतः बसवला. बोंडाच्या आट्यांना सुताचा दोरा गुंडाळून त्यावर पाणी गळू नये म्हणून सफेदा लावला, हेडमध्ये अलगद फिरवून घट्ट केलं, नळीला कुठे मुरड पडू नये म्हणून मोठे मोठे वळसे देत ती फळीमागून नेली. देवीची तसबीर या वेळी त्यांनी दोरीनं बांधली. मग मला केबिनमध्ये बसवून ते हँडल मारायला पुढे गेले. गाडीनं ठसका दिला, घरात भांडी थरथरली. मी काट्याकडे बघत बसले. तो बराच वेळ खाली राहिला, मग सरकला.

"मधोमध आला, बाबा!" मी ओरडले. "मी दाखवलं की नाय तात्यांना!"

ते खिडकीपाशी आले. आत वाकले. मला वाटलं डोक्यावर हात ठेवतील.

"भांडलीस तू झ्याक," ते म्हणाले. "तपेल्यात बुडवून बघितलंस. बरं केलंस. पण मला आधी हुंगून बघितलंस." आणि त्यांनी तोंड माझ्या नाकाशी आणून हा करून श्वास सोडला. "हुंग. नीट हुंग, बाय."

मी हुंगलं. तंबाखूचा वाससुद्धा नव्हता.

त्या दिवसापासून माझं लग्न होईपर्यंत, घाटावरून आले की ते उंबऱ्याबाहेर थांबत. मी तांब्या घेऊन जाई. पाय पुढे करायच्या आधी ते वाकून माझ्या तोंडावर श्वास सोडत, सगळ्यांदेखत, तात्या ओटीवर बसलेले असतानासुद्धा, आणि मी हुंगेपर्यंत पाय धुवून घेत नसत. आई रडली, पाया पडली, ऐकलं नाही. मी एकदा तांब्या फेकून दिला, तर ते तासभर उन्हात तसेच उभे राहिले. तात्यांनी दारुडा म्हटलं ते बाबांनी एका किल्लीवर सोडून दिलं. माझं सोडलं नाही. आपला थोरला भाऊ तसाच होता हे त्यांना माहीत होतं, माझ्याकडून मात्र त्यांची अपेक्षा होती, हे मला कळायला माझ्या स्वतःच्या मुली मोठ्या व्हाव्या लागल्या. मला त्यांचा राग आला, फार आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. पण तात्यांवरचा राग मी तसबिरीला हार न घालून मिरवते, तसा हा राग मला मिरवता येत नाही.

शेवटच्या आजारपणात बाबांची वाचा गेली होती. मी पोलादपूरला जाऊन राहिले होते. चमच्यानं पाणी पाजायला मी त्यांच्या तोंडावर वाकले, तर त्यांनी ओठ मिटून घेतले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं पाणी नको असेल. मग त्यांनी होता नव्हता तेवढा जोर करून माझ्या तोंडावर श्वास सोडला, आणि थांबले. मी हुंगलं, तेव्हा कुठे त्यांनी पाणी घेतलं.